७१ अर्ज, १४ महिने : पोस्टडॉक शोधायच्या साइट्सचा रिव्ह्यू

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे, नाव "अर्ज_फायनल_२". फायनल १ चं काय झालं विचारू नका. त्यात ७१ ओळी आहेत. ४४ ओळींसमोर काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे तिकडून हूं की चूं आलं नाही. १९ समोर "रिग्रेट". ८ ठिकाणी इंटरव्ह्यूपर्यंत गाडी गेली आणि त्या आठातली एकच ओळ हिरवी आहे, तिच्यामुळं मी आत्ता हे इंग्लंडमधल्या एका गावात हीटरला पाय लावून लिहितेय. लॅबमधल्या ज्युनियर पोरी सारख्या विचारतात ताई पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, कुठल्या साइटवर बघायची, प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते, लिंक पाठवायला बरं.

आधी मी कोण ते सांगते, कारण विषय वेगळा असेल तर माझा अनुभव तुम्हाला अर्धाच लागू पडेल. कोल्हापूरची, फिजिक्समध्ये पीएचडी, थिन फिल्म आणि सुपरकपॅसिटर (बॅटरीसारखंच वीज साठवायचं साधन). आमच्याकडं सिलार नावाची पद्धत फार चालते, काचेची किंवा स्टीलची पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, परत धुवायची, असं शंभर-दीडशे वेळा, मग कुठं एक पातळ थर चढतो. स्वस्तात होतं, हात तयार होतो आणि पेपरही निघतात. (कोल्हापूरच्या आम्ही पोरी "मी गेलो, मी केलो" असंच बोलतो, इथं "गेले, केलं" लिहिताना माझी मलाच मी अनोळखी वाटतेय, कुठं चुकून "गेलो" आलं तर सांभाळून घ्या.)

तर पहिला नंबर, आणि बराचसा रिव्ह्यू हिचाच आहे, जॉब्स डॉट एसी डॉट यूके. ५ पैकी ४ स्टार. १९९८ पासून चालू आहे, वॉरिक विद्यापीठानं सुरू केलेली. ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिट्यांच्या जागा एका ठिकाणी मिळायच्या तर हीच, बाहेरच्या देशांच्याही थोड्याफार असतात. आपल्याला सगळं फुकट, पैसे जाहिरात देणारा भरतो. दिसायला काही खास नाही, पण जाहिरात उघडली की वरच एक छोटा चौकोन असतो आणि त्यात ठिकाण, पगार, फुलटाइम का पार्टटाइम, कॉन्ट्रॅक्ट कसलं, जाहिरात कधी लागली, शेवटची तारीख काय आणि जॉब रेफरन्स, एवढं सगळं एका नजरेत. तुम्हाला वाटेल यात काय मोठं, पण मी त्याआधी दोन वर्षं आपल्याकडच्या वाकड्या स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचत होते, ज्यात शेवटची तारीख शिक्क्याखाली दडलेली असते, त्यामुळं पहिल्यांदा तो चौकोन बघितला तेव्हा डोळे निवले अगदी.

पगार लिहिलेला असतो हे तर मला फारच आवडलं. आकडा नाही, रेंज असते, कारण तिथं ग्रेड आणि स्पाइन पॉइंट अशी पायऱ्यांची पद्धत आहे. वरचा आकडा बघून हुरळून जायचं नाही, नुकती पीएचडी झालेल्याला खालच्या पायरीवरूनच सुरुवात धरा, आणि "फंडिंगच्या मर्यादेमुळं अमुक आकड्यापर्यंतच घेऊ" असं बारीक अक्षरात एक वाक्य असू शकतं ते शोधा. मी पहिल्या महिन्यात वरचा आकडा धरून आईला सांगितला होता, तिनं लगेच रुपयात करून मावशीला सांगितला, मग खाली आणताना काय नाकीनऊ आले ते माझं मला माहीत.

मला समजायला सगळ्यात वेळ लागला तो पदांच्या नावांचा घोळ. रिसर्च असिस्टंट म्हणजे बहुतेक ठिकाणी पीएचडी नसलेला किंवा अजून डिग्री हातात न आलेला, रिसर्च असोसिएट म्हणजे पीएचडी झालेला, आणि हेच काम दुसऱ्या युनिव्हर्सिटीत रिसर्च फेलो म्हणून लागतं, तिसरीकडं पीडीआरए, म्हणजे पोस्टडॉक्टरल रिसर्च असोसिएट. एकाच जाहिरातीत दोन्ही लिहिलेलं असलं तर घाबरू नका, डिग्री मिळाली असेल तर असोसिएट म्हणून घेतात, व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, बाकी असेल तर असिस्टंट म्हणून घेऊन नंतर वर चढवतात. स्टुडंटशिप दिसली की ती नोकरी नाही, पीएचडीची सीट आहे. लेक्चरर म्हणजे आपल्याकडं कॉलेजात तासिका तत्त्वावर राबवतात ते नव्हे, ती आपल्या असिस्टंट प्रोफेसरसारखी पोस्ट, पोस्टडॉक न करता तिथं अर्ज टाकला तर शीटमधली एक ओळ वाया. मी तीन वाया घालवल्या. आणि इंजिनिअरिंगवाल्यांनो, केटीपी असोसिएट हे शब्द टाकून बघाच. नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप. नोकरी युनिव्हर्सिटीची पण बसायचं एका कंपनीत, तिथला एक ठरावीक प्रोजेक्ट तडीला न्यायचा आणि युनिव्हर्सिटीतला प्रोफेसर देखरेख करणार. माझ्या ओळखीत कुणालाच हे माहीत नव्हतं, सगळे नुसतं "पोस्टडॉक" टाइप करून बसलेले.

शब्दांवरून आठवलं, अलर्ट. साइटवर रोज सकाळी मेल येईल अशी सोय आहे, पण तो अलर्ट तुम्ही घालाल त्या शब्दांएवढाच हुशार. मी पहिले चार महिने "सुपरकपॅसिटर" हा एकच शब्द घालून बसले होते. महिन्याला एखादी जाहिरात यायची, कधी तीही नाही. मला वाटलं जगात जागाच नाहीत. मग आमच्या लॅबमधले एक सीनियर, त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो, ते म्हणाले अगं तू तुझ्या पेपरचं शीर्षक शोधतीयेस, त्यांची गरज शोध. तुझं काम काय, इलेक्ट्रोड बनवणं आणि मोजणं, मग इलेक्ट्रोकेमिस्ट्री टाक, एनर्जी स्टोरेज टाक, बॅटरी टाक, कोटिंग टाक. टाकलं. आठवड्याला सात-आठ यायला लागल्या. ब्रिटनमध्ये २०१७ साली फॅरडे इन्स्टिट्यूशन म्हणून बॅटरी संशोधनाची एक संस्था उभी राहिली, तिचे प्रोजेक्ट वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्यांत वाटलेले असतात, तर "फॅरडे" हा पण एक शब्द ठेवला. तुमचा विषय दुसरा असेल तर तिकडची अशी पैसे देणारी संस्था कुठली ते शोधून तिचं नाव अलर्टमध्ये घाला, फार उपयोग होतो.

आता एक जाहिरात जरा जवळून दाखवते, कारण माझं सगळं घोडं इथंच अडलं होतं. सोडियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर काम, दोन वर्षं. सोबत एक वेगळी फाइल जोडलेली, पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे त्यांना कसा माणूस पाहिजे त्याची यादी. त्यात दोन रकाने, एसेन्शियल म्हणजे पाहिजेच आणि डिझायरेबल म्हणजे असलं तर बरं. एसेन्शियलमध्ये केमिस्ट्री, मटेरियल्स किंवा फिजिक्समध्ये पीएचडी किंवा होत आलेली, इलेक्ट्रोकेमिकल मोजमापाचा हाताने केलेला अनुभव, अनुभवाच्या मानानं बरे पेपर, टीममध्ये काम, इंग्रजीत लिहिता-बोलता येणं. डिझायरेबलमध्ये ग्लोव्हबॉक्स (हवा न लागू देता काम करायची बंद पेटी), कॉइन सेल (नाण्याएवढी बॅटरी) बांधणं, पायथन प्रोग्रॅमिंग. मी ही फाइल आधी उघडायचीच नाही. आपल्याला काय सवय, "पात्रता : एमएससी ५५ टक्के" एवढं बघायचं आणि बायोडेटा पाठवायचा. माझं कव्हर लेटर म्हणजे पेपरांची जपमाळ, अमुक जर्नल, तमुक इम्पॅक्ट फॅक्टर, साइटेशन किती, एच-इंडेक्स किती, सगळे जर्नलचं आणि पेपरांचं वजन दाखवणारे आकडे. आणि तिकडं काय होतं तर पॅनेल त्या एसेन्शियलच्या एकेका ओळीसमोर तुमच्या अर्जात पुरावा आहे का ते बघत जातं. आहे, नाही, अर्धवट. "टीममध्ये काम" याला माझ्या लेटरात काहीच नव्हतं, मग इम्पॅक्ट फॅक्टर दहा असो नाहीतर वीस, तिथं फुली.

हे कळल्यावर मी लेटर उलटं लिहायला लागले. त्यांच्या ओळी त्यांच्याच क्रमानं घ्यायच्या आणि प्रत्येकीखाली दोन-तीन वाक्यं, पण नुसतं "मला अनुभव आहे" नाही. सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वरखाली करून करंट मोजायची चाचणी) कुठल्या मशीनवर, किती सॅम्पल, त्यातून काय सापडलं. (सायक्लिक व्होल्टॅमेट्रीला पण सीव्हीच म्हणतात, त्यामुळं माझ्या सीव्हीत सीव्ही किती वेळा आलं हे मोजणं हा लॅबमधला विनोद होता.) टीमवर्कखाली लिहिलं की आमच्याकडं एकच पोटेन्शिओस्टॅट (हे मोजमाप करायचं मशीन) आणि अकराजण, तर त्याचं वेळापत्रक मी तीन वर्षं लावलं, भांडणं न होता. ग्लोव्हबॉक्स मला येत नव्हता, तर सरळ लिहिलं की आलेला नाही, दुसऱ्या लॅबमध्ये दोन दिवस बघितलाय, शिकेन. एका अर्जाला आता अख्खे दोन दिवस जायचे, आधी एका संध्याकाळी पाच टाकायचे. शीटमध्ये बघितलं तर आठ इंटरव्ह्यूतले सहा या बदलानंतरचे आहेत.

जाहिरातीच्या शेवटी "अनौपचारिक चौकशीसाठी अमुक प्रोफेसरांना मेल करा" अशी एक ओळ असते. मी ती शिष्टाचार म्हणून सोडून द्यायची. आपल्याकडं जाहिरातीवर नाव दिलेल्या माणसाला फोन केला तर वशिला लावतेय असं समजतील ही भीती हाडात असते ना. खरं तर ती ओळ वापरायलाच दिलेली असते. माझा पहिला मेल "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट" असा सुरू होऊन पाऊण पान माझ्याबद्दल होता, उत्तर आलं नाही, मी असते तर मी पण दिलं नसतं. पुढं शिकले. चार ओळी, त्यात एक खरा प्रश्न. "तुम्ही हे इलेक्ट्रोड हाफ सेलमध्ये तपासणार की फुल सेलमध्ये, कारण माझा अनुभव फक्त थ्री-इलेक्ट्रोड सेटअपचा आहे." त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, दोन्ही, आणि ते शिकवता येईल, अर्ज कर. हीच ती हिरवी ओळ.

मग चारच स्टार का? एक तर व्हिसा स्पॉन्सरशिप मिळणार की नाही हे प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतंच असं नाही, ते युनिव्हर्सिटीच्या साइटवर जाऊन एचआरच्या पानावर शोधावं लागतं, आणि आपल्यासाठी तोच तर पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे साइट नुसती दारापर्यंत सोडते, अप्लाय दाबलं की प्रत्येक युनिव्हर्सिटीचं वेगळं पोर्टल, वेगळा पासवर्ड, परत दहावीपासून सगळं भरा. यात साइटचा दोष नाही म्हणा, पण पंचविसाव्या वेळी दहावीचे मार्क भरताना कुणावर तरी राग काढावा लागतो. "पुरेसे अर्ज आले तर आधीच बंद करू" असंही कधीकधी लिहिलेलं असतं, ते खरं समजा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. एक मात्र आहे, त्या फॉर्मात कुठंही फोटो मागितला नाही, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मागितलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही. वंश, धर्म, अपंगत्व वगैरे विचारतात पण ते वेगळ्या पानावर, पाहिजे तर "सांगायचं नाही" करता येतं आणि पॅनेलला दाखवत नाहीत असं तिथंच लिहिलेलं असतं.

दुसरी साइट युरॅक्सेस, युरोपियन कमिशनची. ३ स्टार. चाळीसहून जास्त देश, संस्थांना जाहिरात टाकणं फुकट, त्यामुळं पूर येतो. पोर्तुगाल, स्पेन, इटलीच्या जागा ढिगानं. इथं संशोधकांचे आर१ ते आर४ असे चार टप्पे केलेत, आर१ म्हणजे पीएचडीच्या आधीचा, आर२ म्हणजे पीएचडी झालेला पण अजून स्वतःचं दुकान न थाटलेला, तर फिल्टरमध्ये आर२ लावा, निम्मा कचरा तिथंच गळतो. पण उरलेल्यातही माती फार चाळावी लागते. कुठं स्थानिक भाषा पाहिजे, कुठं डिग्रीची आधी त्यांच्या देशाकडून मान्यता करून आणा, आणि काही जाहिराती एवढ्या बारीक अटींच्या की वाचतानाच कळतं, मुलगा आत बसलाय आणि जाहिरात त्याच्या मापाची शिवलीय. हे फक्त आपल्याकडंच होतं असं मला वाटायचं, जरा बरं वाटलं.

युरॅक्सेसचा खरा उपयोग मला युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपसाठी झाला, म्हणजे मिळाली नाही, पण यजमान प्रोफेसर तिथून सापडला. ही फेलोशिप वर्षातून एकदा असते, पीएचडी हातात पाहिजे, त्यानंतर संशोधनाचा अनुभव आठ वर्षांच्या आत पाहिजे, आणि ज्या देशात जायचं तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नको. तिकडच्या पोरांना ही अट नडते, आपण कोल्हापुरातून हललोच नाही तर आपण आपोआप बसतो! ब्रिटन २०२४ पासून परत होरायझन युरोपमध्ये, म्हणजे ही फेलोशिप ज्यातून मिळते त्या युनियनच्या संशोधन निधीच्या कार्यक्रमात, आलंय त्यामुळं तिथल्या युनिव्हर्सिटीचं नाव घालूनही अर्ज करता येतो. अर्ज लिहायला दोन महिने लागतात, नोकरीच्या अर्जासारखा समजू नका. जर्मनीबद्दल एवढंच की जाहिरातीत टीव्ही-एल ई१३ दिसलं तर तो सरकारी पगाराचा तक्ता आहे, नेटवर उघडा मिळतो, आणि सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये मागतात, ते मागतात म्हणजे मागतात.

अकॅडमिक जॉब्ज ऑनलाइन ही ड्यूक युनिव्हर्सिटीतून चालणारी, अमेरिकेच्या जागांसाठी. मॅथ्सवाल्या मैत्रिणीनं मॅथजॉब्ज वापरली, दोन्ही एकाच पठडीतल्या. प्रोफाइल एकदा भरलं की तेच सगळीकडं चालतं हे फार सोयीचं. गोम अशी की शिफारसपत्रं सर लोकांनी स्वतः अपलोड करायची असतात, आणि ज्यांच्या मेलबॉक्सात चार हजार मेल न वाचलेले आहेत अशा माणसाच्या स्पॅममधून ती लिंक शोधून काढायला मी त्यांच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून बसले होते, चहा दोनदा झाला. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी आधी नुसती नावं घेतात, पत्र नंतर, त्यामुळं सरांना त्रास कमी.

आमच्याकडं सगळ्यात मोठी साइट म्हणजे खरं तर दादा, म्हणजे लॅबमधून आधी बाहेर गेलेला सीनियर. कोल्हापूरच्या बाजूला मटेरियल्समध्ये पीएचडी केलेल्या कितीतरी जणांनी कोरिया गाठलाय, एकजण जातो, दोन वर्षांनी त्याचा प्रोफेसर विचारतो तुझ्यासारखा अजून कोण आहे का, मग तो ज्युनियरला फोन करतो. जाहिरात लागायच्या आधीच माणूस ठरलेला. कोरियाची हायब्रेननेट म्हणून साइट आहे, पण जवळजवळ सगळी कोरियन भाषेत, ब्राउझरनं भाषांतर केलं की कसंबसं कळतं. बाहेरच्या संशोधकांना बोलवायला त्यांची ब्रेन पूल म्हणून योजना आहे, तिच्यात प्रोफेसरनंच तुम्हाला बोलवायला हवं, म्हणजे परत दादा. या पद्धतीला मी स्टार देत नाही कारण हिच्यावर माझ्या अर्ध्या मैत्रिणींची घरं चालतात, पण ज्याच्या लॅबला दादा नाही त्यानं काय करायचं हा प्रश्न आहेच, आणि मुलींना दादाचा फोन जरा उशिराच येतो हेही बघितलंय.

आता आपल्याकडचं. भारतातल्या प्रोजेक्टच्या जागा शोधायला एकच एक चांगली साइट मला सापडली नाही. बायोलॉजीवाल्यांना इंडियाबायोसायन्सचा जॉब बोर्ड आहे, नशीबवान. बाकी आपण आयआयटी मुंबईच्या संशोधन विभागाचं, आयआरसीसीचं पान, आयसर पुणे, पुण्याचीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एनसीएल, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटी, गोव्याकडच्यांनी समुद्रविज्ञान संस्था एनआयओ, असं एकेक पान ब्राउझरला बुकमार्क करून दर सोमवारी फिरून यायचं, भाजी मंडईत फिरल्यासारखं. पैसे वाईट नाहीत, १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) ३७,०००, एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलो) ४२,०००, रिसर्च असोसिएटला ५८,००० ते ६७,००० आणि वर घरभाडं, हा केंद्राचा दर. पण प्रोजेक्ट जुन्या दरानं मंजूर झालेला असेल तर हातात काय पडणार ते आधी विचारून घ्या. आणि "को-टर्मिनस विथ द प्रोजेक्ट" याचा अर्थ प्रोजेक्ट संपला की तुम्ही संपलात. कधीकधी जाहिरात लागते तेव्हा प्रोजेक्टचे सातच महिने उरलेले असतात, तो आकडा आत कुठंतरी असतो, शोधा.

आणि वॉक-इन, म्हणजे ठरल्या दिवशी थेट जाऊन द्यायचा इंटरव्ह्यू. याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे खरं. एका मोठ्या शहरातली संस्था, नाव नको, जागा १. जाहिरातीत ठळक अक्षरात, प्रवासखर्च मिळणार नाही. रात्रीची ट्रॅव्हल्स धरली, पहाटे उतरले, स्टँडवर तोंड धुतलं, नऊला गेटवर. दहापर्यंत नावनोंदणी. आम्ही ५८ जण. नांदेड, जळगाव, एकजण तर रायपूरहून आलेला. क्लार्क म्हणाले झेरॉक्सवर सेल्फ अटेस्टेड पाहिजे आणि दोन सेट, माझ्याकडं एक, मग खाली पळाले, तिथं झेरॉक्सवाल्याकडं आमचीच रांग, तो पठ्ठ्या पानाला पाच रुपये घेत होता, त्याला जाहिरातीची तारीख आमच्यापेक्षा आधी कळत असणार. अकराला सुरू झालं. साडेबाराला आतून एक मुलगा आला, क्लार्कच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला "काका, किती आले आज?", आणि आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, कुणी काही बोललं नाही पण सगळ्यांना कळलं. रायपूरवाला तरीही नोट्स वाचत होता. माझा नंबर पाच चाळीसला लागला. चार मिनिटं. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) पीक ब्रॉड का होतो, नेट परीक्षा पास आहे का, लग्नाचं काय ठरलंय. निकाल वेबसाइटवर लावू म्हणाले. मी ती वेबसाइट सहा महिने बघत होते.

१ स्टार कुणाला द्यायचा असेल तर तो मात्र यांना नाही, "परदेशी संशोधन करिअर मार्गदर्शन" करणाऱ्या एका ऑफिसला. नाव नाही लिहीत. १८,००० रुपये, सीव्ही, कव्हर लेटर आणि "आमच्या नेटवर्कमधल्या १०० प्रोफेसरांना" मेल. नेटवर्क म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या साइटवरून उचललेले पत्ते हे मला नंतर कळलं, जेव्हा एका प्रोफेसरांनी वैतागून उत्तर दिलं की मी ज्वालामुखीवर काम करतो, तुम्ही मला सुपरकपॅसिटरबद्दल का लिहिलंय. लेटरमध्ये माझा विषय दोन ठिकाणी चुकलेला. असलेच टेलिग्राम चॅनेल असतात, महिन्याला २९९ भरून "प्रीमियम अलर्ट", त्यातल्या जाहिराती वरच्याच फुकटच्या साइटवरून चिकटवलेल्या, आणि निम्म्यांची तारीख उलटून गेलेली. नोकरी देणारी युनिव्हर्सिटी अर्जाचे किंवा ऑफर लेटरचे पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर मागत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतील.

हिरव्या ओळीचं पुढं काय झालं ते थोडक्यात. टीम्सवर इंटरव्ह्यू, चार माणसं, दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन, मग एकेक प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्न बघितलं तर त्या पर्सन स्पेसिफिकेशनच्या ओळीवरूनच आलेला. फसलेला प्रयोग सांगा म्हणाले, माझ्याकडं साठा भरपूर. एका आठवड्यात हो आलं. मग आनंद करायला वेळच मिळाला नाही कारण मटेरियल्ससारख्या विषयांत भारतीयांना व्हिसाच्या आधी अटास नावाचं एक सर्टिफिकेट लागतं, फुकट असतं, पण संशोधनाचं वर्णन, आधीचं सगळं शिक्षण, पेपर, सगळं लिहून द्यायचं आणि वाट बघायची. अमेरिका, जपान, कोरिया, युरोपियन युनियनवाल्यांना ते लागत नाही. मला साडेपाच आठवडे लागले, जॉइनिंगची तारीख दोनदा पुढं गेली. आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, वर्षाला १,०३५ पौंड, दोन वर्षांचे २,०७० एकदम आधीच भरायचे, म्हणजे दोन लाखांच्या वर रक्कम पहिला पगार व्हायच्या आधी. काही युनिव्हर्सिट्या परत देतात, काही उसने देऊन पगारातून कापतात, काही काहीच देत नाहीत, तर ऑफर आली की "थँक यू"च्या पुढच्याच ओळीत हे विचारा, लाजू नका. मी लाजले, मग बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं.

हे लिहिता लिहिता एक ज्युनियर मेसेज करतेय. ताई, एसेन्शियल सगळं बसतंय, डिझायरेबलमधलं एकच नाही, टाकू का? टाक म्हटलं, डिझायरेबल म्हणजे असलं तर बरं. आज शेवटची तारीख आहे, इथले रात्रीचे ११:५९, तिच्याकडं पहाटेचे साडेचार. आत्ता तिथं अडीच वाजलेत आणि ती दहावीचे मार्क भरतेय.